मोटार स्वतःची वीज बनवतेच, म्हणून तर ती फुकट फिरत नाही

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका बागायतदारांचा प्रश्न असा: "कुळागरात (पोफळीच्या बागेत) दोन एच.पी.ची मोटार आहे. मे महिन्यात वीज सारखी जाते, आली तरी व्होल्टेज नसतं. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. मोटारीला जड चाक, चाकाला पट्ट्याने आल्टरनेटर (म्हणजे जनरेटरच) आणि आल्टरनेटरची वीज परत मोटारीला. एकदा सुरू केल्यावर बाहेरची वायर काढून टाकतात, तरी चालूच. असं बसवून देणारा एक जण पासष्ट हजार मागतो. द्यावेत का? आणि होत नसेल तर का होत नाही? मोटार नि जनरेटर एकच यंत्र असतं ना?"

देऊ नका. पैशांपुरतं उत्तर एवढंच.

पण तुमचा शेवटचा प्रश्न मला आवडला, कारण तो बरोबर आहे. मोटार आणि जनरेटर एकच यंत्र. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात झेनोब ग्राम या संशोधकाची वीज बनवणारी दोन यंत्रं वायरीने जोडली गेली, एक इंजिनाने फिरत होतं तर दुसरं आपोआप फिरायला लागलं, आणि मोटार म्हणून त्याचा कामाला उपयोग होईल हे लोकांना तिथे डोळ्यांनी दिसलं. आणखी एक गंमत सांगतो. तुमची मोटार पाणी खेचत असते तेव्हाही आतल्या आत व्होल्टेज तयार करत असते. ही गोष्ट नीट समजली की व्हिडिओतलं चाक का फिरू शकत नाही ते वेगळं सांगावं लागत नाही, म्हणून तिथूनच धरतो.

आधी हाताला कळेल असा एक प्रयोग. मुलाच्या मोडक्या खेळण्यातली छोटी मोटार काढा. तिची दांडी दोन बोटांत धरून गरकन फिरवा, सहज फिरेल. आता तिच्या दोन वायरी एकमेकींना पिळून जोडा आणि पुन्हा फिरवा. दांडी जड लागेल, कुणी आतून धरल्यासारखी. काही अडकलेलं नाही, बेअरिंग तेच, चुंबक तेच. फरक इतकाच की आता तुम्ही बनवलेल्या विजेला वाहायला वाट मिळाली, आणि वाहणारी वीज तुमच्या बोटांना उलट ढकलते आहे. फिरत्या वेटोळ्यात वीज तयार होते हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. ती ज्या कारणाने तयार झाली त्यालाच विरोध करते हे लेन्झने १८३४ मध्ये मांडलं. ज्यांनी डायनामोची सायकल चालवली आहे त्यांच्या पोटऱ्यांना हा नियम पाठ आहे. डायनामो टायरला टेकला, दिवा लागला की पायडल जड.

आता हेच मोटारीत. सोपं पडावं म्हणून डीसी मोटार घेतो. (तुमची एसी इंडक्शन मोटार आहे, तिचं गणित थोडं वेगळं, पण हिशेब शेवटी तोच.) समजा मोटारीला २२० व्होल्ट दिले आणि तिच्या वाइंडिंगचा (आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा) रोध फक्त १ ओहम आहे. शाळेतल्या सूत्राने करंट किती यायला हवा? २२० अँपिअर. पण चालू मोटारीला मीटर लावला तर दिसतात १० अँपिअर. बाकीचे २१० अँपिअर कुणी अडवले? फिरणाऱ्या आर्मेचरने, म्हणजे दांडीवरच्या वेटोळ्यांच्या गाभ्याने. ते चुंबकात फिरतं म्हणून त्यात २१० व्होल्ट तयार होतात, आणि ते तुमच्या पुरवठ्याच्या विरुद्ध तोंड करून उभे राहतात. उरलेल्या १० व्होल्टच्या जोरावर १० अँपिअर वाहतात. त्या उलट व्होल्टेजला आम्ही बॅक ईएमएफ म्हणतो.

हिशेब मांडू. आत आले २२० गुणिले १०, म्हणजे २२०० वॉट. वाइंडिंग तापण्यात गेले १०० वॉट. उरले २१००, आणि तेच दांडीवर गेले, पंप फिरवायला. हे २१०० म्हणजे नेमकं काय? २१० व्होल्ट गुणिले १० अँपिअर. म्हणजे मोटारीने "स्वतः बनवलेलं" व्होल्टेज आणि दांडीवर मिळणारं काम ही एकाच रकमेची दोन नावं आहेत. ती रक्कम दांडीवरून पंपाने उचलली. पंपाने उचलली नसती तर आल्टरनेटरने उचलली असती. पण तोच रुपया दोन दुकानांत खर्च होत नाही.

मी फोंड्याला मोटारींचं वाइंडिंग करतो, तीस वर्षं होऊन गेली, आणि खरं सांगायचं तर माझं पोट या बॅक ईएमएफवर चालतं. ते कमी झालं की मोटार माझ्याकडे येते. पंपात कचरा अडकून मोटार जाम झाली की फिरणं बंद, उलट व्होल्टेज शून्य, करंट मोकाट. इंडक्शन मोटार अडकली तर नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते आणि ओव्हरलोड रिले (करंट वाढला की वीज तोडणारी सोय) नसेल तर काही मिनिटांत वार्निश जळल्याचा वास येतो. तुमच्या मे महिन्यातल्या लो व्होल्टेजचंही तसंच. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. २३०चे १७० झाले तर जोर जवळजवळ निम्म्यावर येतो, पण विहीर काही वर येत नाही. मग मोटार वेग सोडते, करंट वाढवते आणि कण्हत राहते. एप्रिल-मेमध्ये माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते ती यामुळे. तुमच्या स्टार्टरला लो व्होल्टेजवर तुटणारी सोय नसेल तर पासष्ट हजारांच्या चाकाआधी ती बसवून घ्या. खर्च त्या मानाने किरकोळ.

तुम्ही म्हणाल, हे सगळं कागदावर. करून बघितलंय का?

बघितलंय. दुकान टाकायच्या आधी मी डिचोलीकडे एका खाणीच्या वर्कशॉपात हेल्पर होतो. वय विशीचं, आणि तुमच्या व्हिडिओतली कल्पना मला आपलीच वाटली होती. तेव्हा मोबाईलही नव्हते; ही खाज फार जुनी आहे. आपल्या भास्कराचार्यांनीही ११५०च्या सुमारास पाऱ्याने अर्ध्या भरलेल्या आऱ्यांचं आपोआप फिरणारं चाक लिहून ठेवलं आहे. ट्रकचा जुना आल्टरनेटर आणि एक एच.पी.ची मोटार मी लोखंडी चॅनलवर बोल्टाने बसवली, मधे पट्टा. आमच्या मेस्तांनी (वर्कशॉपातल्या मुख्य कारागिरांनी) बघितलं, हसले नाहीत. ते म्हणाले, "आधी मोज. दोन्हीकडे मोज."

वॉटमीटर नव्हता. पण भिंतीवर जुना चकतीचा मीटर होता, त्यावर लिहिलेलं असतं की किती फेऱ्यांना एक युनिट. घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. आल्टरनेटरवर काही न लावता नुसतं फिरवलं, तेव्हा चकती रेंगाळत होती. मग ट्रकचे हेडलाइट बल्ब एकेक करून लावत गेलो. प्रत्येक बल्बाला मोटारीचा आवाज खाली उतरायचा आणि भिंतीवरची चकती जोरात पळायची. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त चकतीनेच शिकवलं. बल्ब पेटतोय इकडे, आणि त्याचा जमाखर्च तिकडे भिंतीवर, त्याच क्षणी. सहा बल्ब लागले तेव्हा बल्ब सगळे मिळून सव्वाचारशे वॉटच्या आसपास घेत होते आणि मीटरवरून मोटार हजार वॉट खात होती.

मेस्तांनी विचारलं, "बाकीचं कुठे गेलं?" मी गप्प. त्यांनी माझा हात धरून मोटारीच्या अंगावर ठेवला, मग आल्टरनेटरच्या, मग पुलीजवळ. सगळं गरम. "हे बघ, इथे गेलं."

त्या गरमीची फोड अशी. लहान मोटार आलेल्या विजेतले ऐंशी टक्के दांडीवर देते. वाइंडिंगची तांब्याची तार तापते, पत्र्याचा गाभा सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट चुंबकित होताना तापतो, बेअरिंग घासतं, पंखा हवा ढकलतो. पट्टा पाचेक टक्के खातो. गाडीचा आल्टरनेटर तर साठ टक्क्यांच्या आतबाहेरच, कारण तो स्वस्त आणि आटोपशीर असावा म्हणून बनवलेला असतो. १००० वॉटचे ८००, त्यांचे ७६०, त्यांचे साडेचारशे. या साडेचारशेवर तीच मोटार पुन्हा चालवायची, जिला हजार हवे आहेत. पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त गेले, दुसऱ्या फेरीपर्यंत चाक थांबलेलं असतं.

कुणी म्हणेल, मग भारीतली मोटार घ्या, भारीतला जनरेटर घ्या. घ्या. दोन्ही पंच्याण्णव टक्क्यांचे मिळाले असं धरू, तरी नव्वदच परत येतात. आणि अगदी देवाने शंभर टक्क्यांची मोटार करून दिली असं समजा. तरी काय होईल? यंत्र फिरत राहील, बस. नुसतं फिरत राहील. त्याला तुमचा पंप जोडला की ते पंपाला देईल तेवढं आपल्यातून कमी होईल आणि थांबेल. तुम्हाला पाणी हवं आहे, फिरणारं चाक नको आहे, हे विसरू नका.

आता त्या जड चाकाबद्दल, कारण बसवून देणाऱ्याचा सगळा भर तिथेच असणार. "चाकाचा जोर" हा शब्द त्याने वापरला असेलच. पन्नास किलोचं, दोन फूट व्यासाचं भरीव चाक १४४० आरपीएमला फिरवलं तर त्यात साठते सुमारे २५ हजार ज्यूल ऊर्जा. आकडा मोठा वाटतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे तुमच्या चाकात एका युनिटचा एकशेचाळिसावा भागसुद्धा धड नाही. दोन एच.पी.चा पंप चालताना साधारण १९०० वॉट घेतो. भागाकार करा: तेरा सेकंद. तेही चाक पूर्ण थांबेपर्यंतचं सगळं काढून घेता आलं तर. आणि ते तेरा सेकंदही फुकट नव्हेत, चाक वेगात आणताना ते तुमच्याच मीटरवर चढलेले असतात. चाक धक्के झेलतं, साठवतं. बनवत काही नाही.

दुसरा घोळ व्होल्टेजचा. "बघा, बारा व्होल्ट घातले आणि दोनशेतीस काढले!" व्होल्टेज कमी-जास्त करणं हे ट्रान्सफॉर्मरचं रोजचं काम, तुमच्या गल्लीतला ते कमी करतो. व्होल्टेज वाढलं की तेवढा करंट कमी होतो. पुलीचंही तसंच: मोठी पुली छोटीला फिरवते तेव्हा वेग वाढतो, पण पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, तेवढाच घटतो. मोजायचं ते दोघांचा गुणाकार, म्हणजे वॉट, आणि वेळ धरली की युनिट.

मग व्हिडिओत ते चालतं कसं? मी काही सगळे व्हिडिओ बघितलेले नाहीत, पण माझ्या दुकानात लोक दाखवायला आणतात त्यांत नेहमीचे प्रकार दोन-तीनच. लाकडी पाटाखाली बॅटरी आणि इन्व्हर्टर. टेबलाच्या पोकळ पायातून आलेली वायर. किंवा काहीच लबाडी नाही, फक्त वायर काढल्यानंतरची आठ सेकंदं दाखवायची, एक छोटा एलईडी पेटलेला ठेवायचा आणि चाक मंदावायच्या आत कॅमेरा बंद. दिव्याला पाच वॉट लागतात, त्याला चाक बराच वेळ पुरतं. तिथे हजार वॉटची इस्त्री कुणी लावून दाखवत नाही.

तुमच्याकडे येणाऱ्याला एवढंच सांगा: यंत्र माझ्या अंगणात, चार विटांवर उचलून ठेव. इस्त्री मी लावतो. संध्याकाळी सुरू कर, सकाळी मी बघतो, पैसे मग देतो. बॅटरी आत असेल तर रात्रीत उतरेल. तो म्हणेल, पेटंटला अर्ज केलाय. अर्ज कुणीही करू शकतो. आपल्याकडच्या १९७०च्या पेटंट कायद्यात कलम ३ मध्येच लिहिलेलं आहे की निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणाऱ्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्येच ठरवून टाकलं होतं की असल्या आपोआप चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे बघायचेच नाहीत.

इथपर्यंत नकारच झाला. आता काय होऊ शकतं ते बघू, कारण मोटारीकडून वीज मिळते, अगदी खरी मिळते. तिला बाहेरून कुणीतरी ढकलायला हवं. विजेवर चालणारं रेल्वे इंजिन उतारावर ब्रेक लावताना मोटारीच जनरेटर म्हणून वापरतं आणि वीज वरच्या तारेत परत देतं. ती वीज गाडी चढवताना घातलेल्यातलीच असते, काही भाग परत आलेला. तुमची साधी इंडक्शन मोटारसुद्धा हे करते. चार पोलची (चार चुंबकी टोकांची) मोटार १५०० आरपीएमच्या खाली फिरते तेव्हा वीज घेते, आणि कुणी तिला १५००च्या वर ढकललं तर वीज देते. लाईन नसेल तर योग्य मापाचे कपॅसिटर लावून एकटीनेही देते, गाभ्यात थोडं चुंबकत्व शिल्लक असलं म्हणजे. (लाईन असताना घरच्या घरी हा प्रयोग करू नका. वीज खात्याचा माणूस खांबावर असेल आणि तुमच्याकडून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल.)

म्हणून तुम्हाला माझा उलट प्रश्न: कुळागराच्या वरच्या अंगाला बारमाही झर आहे का? फोंड्याकडच्या बऱ्याच कुळागरांत असते. सेकंदाला पाच लिटर पाणी वीस मीटर खाली येत असेल तर त्यात जवळजवळ हजार वॉटचा जोर असतो. पाइप, टर्बाइन, जनरेटर मिळून निम्मा हाती लागला तरी पाचशे वॉट, दिवसरात्र. घरातले दिवे, पंखे, टीव्ही आरामात. पण उंची कमी असेल किंवा मेमध्ये झर करंगळीएवढी होत असेल तर त्यात पैसे घालू नका. हे जागेवर बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, मीही नाही.

झर नसेल तर काही जण सुचवतील, डोंगरावर टाकी बांधा, पंपाने भरा आणि खाली येणाऱ्या पाण्यावर वीज करा. हे तर चाकाचंच भावंड. दहा हजार लिटरची टाकी वीस मीटर उंचावर भरली तर तिच्यात अर्धं युनिट साठतं, जेमतेम. ते चढवायला एक युनिट तरी जातं. मात्र टाकी बांधा, ती वीज करायला नव्हे, पाणी ठेवायला. रात्री व्होल्टेज बरं असतं तेव्हा भरून ठेवा, दुपारी नळ सोडा, पोफळींना उतारावरून पाणी जाईल, वीज असो-नसो. तुमची अडचण मुळात विजेची नसून पाणी वेळेवर मिळण्याची आहे, आणि पाणी साठवणं वीज साठवण्यापेक्षा शंभर वाटांनी सोपं.

आणि सोलर पंपाचा विचार करा. आपल्याकडे पावसाळ्यात ढग असतात, पॅनेल कसलं चालणार, असं लोक म्हणतात. पण पावसाळ्यात पोफळीला पाणी घालतंय कोण? शिंपणं लागतं ते डिसेंबरपासून मेपर्यंत, आणि नेमकं तेव्हाच ऊन कडक. दोन एच.पी.च्या पंपाला १८०० वॉटच्या आसपास पॅनेल लागतात. अनुदान मिळतं का, किती, हे दर वर्षी बदलतं, तेव्हा कृषी कार्यालयात जाऊन चौकशी करा. एकच अट: पॅनेलवर माडाची नि पोफळीची सावली पडता कामा नये. दाट कुळागरात ही अट वाटते तेवढी सोपी नाही. घरामागचा भाटाचा (बागायती जमिनीचा) मोकळा तुकडा असेल तर उत्तम.

आधी झरीचं मोजून कळवा. वीस लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून, आणि झरीपासून घरापर्यंत उतार किती, तो पाण्याची पारदर्शक नळी धरून टप्प्याटप्प्याने. एकदा आत्ता मोजा, एकदा मेच्या पंधरवड्यात. मेचा आकडा आला की पुढचं बोलू.